वेदना नाहीत, नुसती कळ

आमच्या रुग्णालयात कॉम्प्युटर सांभाळायला मी एकटाच. नेमणुकीच्या पत्रावर माझा हुद्दा दोन ओळींचा आहे, पण तो कुणाला पाठ नाही. वॉर्डातून फोन येतो, "अहो कॉम्प्युटर, आमचा प्रिंटर रुसलाय, जरा येता का?" मीही आता त्या हाकेला ओ देतो.

ही गोष्ट मात्र मोठ्या सिस्टरांची आहे.

त्या बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी, पहिल्या टेबलावर बसतात. रुग्णालयात येणारा प्रत्येक माणूस आधी त्यांच्यासमोर येतो. काय होतंय ते विचारायचं, नाडी, ताप, रक्तदाब बघायचा आणि कॉम्प्युटरच्या प्रश्नांची उत्तरं भरायची. मग पडद्यावर रंग उमटतो. लाल म्हणजे लगेच आत. पिवळा म्हणजे थोड्या वेळात. हिरवा म्हणजे बाकावर बसा, नंबर आला की हाक मारू. सिस्टरांची नोकरी एकोणतीस वर्षांची. त्यांच्या नजरेतून सहसा काही सुटत नाही, आणि जिभेच्या तडाख्यातून तर कुणीच सुटत नाही.

आधी आठ वर्षं आमच्याकडे एका कंपनीचं सॉफ्टवेअर होतं. त्यात महिन्याभराच्या बाळाचं वय 'शून्य' भरलं की गाडी पुढे सरकायचीच नाही. सिस्टरांनी पत्रांवर पत्रं लिहिली. उत्तर ठरलेलं असायचं, "आपली सूचना नोंदवून घेतली आहे." शेवटी सगळ्या तान्ह्या बाळांना एक वर्षाचं करायची सवय लागली. मग ती कंपनीच बंद पडली आणि सूचना नोंदवून घेणाराही उरला नाही.

त्यानंतर आम्ही नवं सॉफ्टवेअर बसवलं. ते कुणा एका कंपनीचं नव्हतं. ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी, नर्सेसनी, प्रोग्रॅमरांनी मिळून ते लिहिलं होतं. आतली प्रत्येक ओळ उघडी, कुणीही वाचावी, कुणीही बदल सुचवावा, पटला तर तो सगळ्यांकडे जावा. मी हे मोठ्या उत्साहाने सिस्टरांना सांगितलं.

"सगळ्यांचं आहे ना?" त्या म्हणाल्या. "म्हणजे कुणाचंच नाही. बिघडलं की कुणाच्या नावाने खडे फोडायचे?"

"माझ्या," मी म्हणालो.

"ते तर आत्ताही फोडतोच."

नवं सॉफ्टवेअर लागून दोन महिने झाले असतील. सोमवारची सकाळ होती, साडेदहाची वेळ, रांग दाराबाहेर गेलेली. इस्त्रीवाले काका आले. चालत, एकटेच. पंचावन्नच्या आसपासचं वय. घाम आला होता, पण तापल्या इस्त्रीसमोर सकाळपासून उभ्या असलेल्या माणसाला घाम येणारच. सिस्टरांनी पडद्यावरचा प्रश्न जसाच्या तसा वाचला, "छातीत वेदना आहेत का?"

"वेदना? छे छे," काका म्हणाले. "वेदना वगैरे काही नाहीत. नुसती हाताला कळ मारतेय. आणि इथं जरा भरून आल्यासारखं वाटतंय. पित्त असेल."

पडद्यावर दोनच चौकोन होते, 'हो' आणि 'नाही'. मागे रांगेत एक लहान मूल रडत होतं, कुणीतरी कुणाला तरी पुढे घुसल्याबद्दल बोलत होतं. सिस्टरांनी 'नाही' दाबलं. रंग हिरवा आला. काका बाकावर जाऊन बसले.

चाळीस मिनिटांनी ते शेजारच्या बाईंच्या खांद्यावर कलंडले.

मी तेव्हा नोंदणीच्या खिडकीत वायर बदलत होतो. सिस्टर खुर्ची मागे लोटून धावल्या, ती खुर्ची पडल्याचा आवाज मला अजून आठवतो. स्ट्रेचर यायच्या आत त्या जमिनीवर गुडघे टेकून काकांची छाती दाबत होत्या. काका वाचले. पण हृदयाचे डॉक्टर संध्याकाळी म्हणाले, अर्धा तास आधी कळलं असतं तर हृदयाचा तो भाग अधू झाला नसता.

चौकशी झाली. कॉम्प्युटरमधली नोंद काढली. प्रश्न विचारला होता, रुग्णाने 'नाही' म्हटलं होतं, वेळही लिहिलेली होती. 'कोणाचीही चूक नाही' असा शेरा पडला. सिस्टर सुटल्या, त्यांच्यामागोमाग मीही सुटलो.

पाचव्या दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या. "काकांना भेटायला जातेय. तुम्हीही चला. तुमच्या पेटीनेही विचारलं होतं त्यांना."

काका उशीला टेकून बसले होते. शेजारी काकू, मांडीवर घडी घातलेला टॉवेल. घडी अशी की कडेला कड लागलेली. आम्हाला बघून त्या उठल्या नाहीत.

"चूक कुणाचीच नाही, असं सांगून गेले तुमचे साहेब," काकू म्हणाल्या.

"माझी आहे," सिस्टर म्हणाल्या. "काकांनी मला सांगितलं होतं की कळ मारतेय. भरून आलंय असंही सांगितलं होतं. तरी मी 'नाही' दाबलं."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे तुम्हाला ऐकू आलं होतं."

"हो."

"मग त्या मशीनला काय विचारत बसलात?"

जिच्या तोंडाला अख्खं रुग्णालय वचकून असतं, ती बाई खाली मान घालून उभी होती. मला कुठे बघावं कळेना.

"अगं, मीच त्यांना पित्त म्हणालो," काका पुटपुटले.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला बोलायला बंदी आहे."

काकांना राहवेना. "सिस्टर, मला खरंच समजलं नाही हो. वेदना म्हणजे कसं, त्या मोठ्या लोकांना होतात. पेपरात छापून येतात. आमचं आपलं दुखतं."

परत येताना जिन्यात सिस्टर थांबल्या. "तो शब्द बदला," त्या म्हणाल्या.

"दुपारपर्यंत बदलतो. आपल्यापुरतं तर हातातलं काम आहे."

"आपल्यापुरतं? आपल्या भाषेत हे किती ठिकाणी चालतं?"

"साठ-सत्तर दवाखाने असतील. दोन-तीन देशांत मिळून."

"मग तिथल्या इस्त्रीवाल्यांनी काय करायचं?"

मी त्यांना खोलीत नेलं आणि वाक्यांची यादी उघडून दाखवली. चार हजारांच्या वर वाक्यं. डावीकडे मूळ, उजवीकडे आपल्या भाषेत, पुढे भाषांतर करणाऱ्याचं नाव. 'छातीत वेदना आहेत का?' समोर एका बाईंचं नाव होतं. खाली-वर बघितलं तर जवळजवळ सगळीच वाक्यं त्या एकट्या बाईंनी केलेली. त्यांच्याविषयी एकच ओळ होती, निवृत्त शिक्षिका. राहायला कुठेतरी समुद्रापलीकडे. हे काम त्यांनी आपणहून केलं होतं, कुणी नेमलं नव्हतं.

"लिहा," सिस्टर म्हणाल्या, आणि मी टाइप करू लागलो. "आपला 'वेदना' हा शब्द चुकीचा आहे. त्यामुळे एका माणसाचं हृदय कायमचं अधू झालं."

"सिस्टर, जरा गोड करून लिहू या का? त्यांनी एवढं काम केलंय."

"साखर घोळायला मला वेळ नाही. पाठवा."

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. "मी चौतीस वर्षं भाषा शिकवली आहे. 'वेदना' हा शब्द शुद्ध आणि सर्वत्र समजणारा आहे. बोलण्यातले शब्द गावागणिक बदलतात. त्यातले नेमके कोणते घ्यावेत, हेही आपण सांगितलंत तर उपकार होतील."

"शुद्ध!" सिस्टर भडकल्या. "दवाखान्यात शुद्ध काय असतं, तर स्पिरिट." मग पुन्हा एकदा वाचून शांतपणे म्हणाल्या, "पण शेवटचं बरोबर विचारलंय. कोणते घ्यायचे?"

दुसऱ्या दिवसापासून दुपारची रांग ओसरली की त्या जुन्या केसपेपरांची पाठकोरी पानं घेऊन बाकावर जाऊन बसायच्या. हिरवा असो, पिवळा असो, ज्या कुणाला वेळ असेल त्याला विचारायच्या, "याला तुम्ही घरी काय म्हणता?" लोक आधी बिचकायचे, मग सुटायचे. ठणका आणि ठसठस एक नाही, ठसठस गळवाची असते, हे एका गवंड्याने तपशीलवार समजावलं. एका आजोबांनी चमक, लचक आणि उसण यांतला फरक उभं राहून करून दाखवला आणि तिसरा दाखवताना खरोखरच उसण भरली. त्यांना धरून आत न्यावं लागलं.

वॉर्डातल्या मावशींकडे तर खजिनाच निघाला. फरशी पुसता पुसता त्या सांगायच्या आणि सिस्टर मागून लिहीत चालायच्या. अंग मोडून येणं वेगळं, कणकण वेगळी. पोटात मुरडा येतो, गोळा येतो, कालवाकालव होते, आणि ती पोटाची असेलच असं नाही, मनाचीही असते. छातीत जळजळतं, आवळतं, दडपतं, भरून येतं, कुणी वर बसल्यासारखं होतं.

"आणि बायका छातीचं नाव घेत नाहीत हो सिस्टर," मावशी फडकं पिळत म्हणाल्या. "त्या म्हणतात जीव घाबरा झालाय. मग घरचे म्हणतात, पाणी पी आणि पड जरा."

सिस्टरांनी हे वाक्य दोनदा अधोरेखित केलं.

महिन्याभरात बावीस पानं भरली. नावं लिहिली नव्हती. वय, धंदा, माणूस काय म्हणाला आणि शेवटी आजार काय निघाला, एवढंच. मी पानांचे फोटो काढून बाईंना पाठवले. चार दिवस काहीच आलं नाही. पाचव्या दिवशी एका ओळीत विचारणा आली, समोरासमोर बोलता येईल का?

आमची दुपार म्हणजे तिकडची सकाळ. पडद्यावर एक बारीक चणीची, पांढऱ्या केसांची बाई दिसली. मागे खिडकी, खिडकीत एक रिकामी आरामखुर्ची. त्यांच्या हातात आमच्या पानांची छापील प्रत होती.

"मी तुमची पानं वाचली," त्या म्हणाल्या. "सगळी, दोनदा. मला काही सांगायचंय."

"बोला ना बाई," सिस्टर म्हणाल्या. आवाजात पूर्वीची धार नव्हती.

"माझे मिस्टर शेवटची दोन वर्षं अंथरुणाला होते. इकडे येऊन चाळीस वर्षं झालेली, पण हळूहळू ते इकडची भाषा विसरले आणि फक्त आपलीच बोलायला लागले. नर्स इकडच्या भाषेत विचारायची, दुखतंय का? त्यांना कळायचं नाही. ते मला म्हणायचे, पायाला रग लागलीय गं. नर्सला ते कळायचं नाही. असं दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून मी त्यांच्या उशाशी बसून ही वाक्यं करायला घेतली." बाई थांबल्या. चष्मा काढून त्यांनी पुन्हा लावला. "ते माझ्यासमोर 'रग' म्हणत होते, सिस्टर. आणि मी शब्दकोश उघडून 'वेदना' लिहीत होते."

सिस्टर म्हणाल्या, "माझ्यासमोर काका 'कळ' म्हणत होते, बाई. आणि मी 'नाही' दाबत होते."

त्या दिवसापासून त्या दोघींचं जे जमलं ते जमलं. आठवड्यातून तीनदा बोलणं. बाईंना प्रत्येक शब्दाचं नेमकं माप हवं असायचं आणि सिस्टर ते त्यांना माणूस पुढे उभा करून सांगायच्या. मी मध्ये बसून टाइप करायचो. भांडणंही व्हायची. 'दडपण' घ्यायचं की 'दडपल्यासारखं', यावर एकदा पाऊण तास गेला. शेवटी मावशींना बोलावून निकाल लावला.

पण शब्द बदलून भागणार नव्हतं. एका शब्दाच्या जागी सात शब्दांचा प्रश्न आणायचा तर आतली रचनाही बदलायला हवी होती. ते काम माझं. मी लिहिलं आणि सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मंडळींकडे पाठवलं. शाळेची वही लाल शाईने भरून परत यावी तसं ते परत आलं. दुरुस्त करून पाठवलं, पुन्हा परत आलं. या वेळी खाली एका डॉक्टरबाईंची शंका होती. हे सगळे प्रश्न त्यांच्या देखरेखीखाली होते. त्यांनी लिहिलं होतं, "सात शब्द विचारले तर प्रत्येक जण एखाद्याला तरी हो म्हणेल. सगळेच लाल झाले तर खरा लाल कसा ओळखणार?"

मला वाटलं, आता सिस्टरांचा पारा चढणार.

"बरोबर बोलतेय बाई," त्या म्हणाल्या. "माझ्या डोक्यात आलं नव्हतं. करून बघू या."

मोठ्या साहेबांची परवानगी काढून सहा आठवडे आम्ही दोन्ही प्रश्न विचारले. आधी जुना, मग नवा, आणि दोन्ही उत्तरं लिहून ठेवली. नव्याला हो म्हणणाऱ्या प्रत्येकाचा ईसीजी काढला. ईसीजीचा तंत्रज्ञ पहिल्या आठवड्यात माझ्याशी बोलेनासा झाला. सहा आठवड्यांत अशी चारशे बारा माणसं झाली. त्यातली अडतीस जुन्या प्रश्नाला नाही म्हणाली आणि नव्याला हो. अडतिसांपैकी चौतिसांना पित्त, धास्ती, नाहीतर ओझं उचलून आखडलेले स्नायू असंच काहीबाही निघालं. चौघांचं मात्र हृदयाचं दुखणं होतं.

त्यातली एक बसमध्ये तिकिटं फाडणारी बाई होती, एकेचाळीस वर्षांची. ती फक्त एवढंच म्हणाली होती, "जीव घाबरा झालाय." तिला त्याच तासात आत घेतलं. चौथ्या दिवशी ती आपल्या पायांनी घरी गेली. जाताना सिस्टरांच्या टेबलापाशी थांबली आणि रांगेतल्या लोकांना सवयीने म्हणाली, "पुढे सरका, पुढे सरका." सिस्टर हसल्या. कित्येक आठवड्यांनी मी त्यांना हसताना बघत होतो.

आकडे पाठवले. डॉक्टरबाईंचं उत्तर दोन दिवसांत आलं. बदल मान्य, एका दुरुस्तीसह. नव्या शब्दांना हो म्हणणारा लाल करू नये, पिवळा करावा, आणि दहा मिनिटांत ईसीजी काढावा. म्हणजे लालची किंमतही राहील आणि कुणी बाकावर विसरलंही जाणार नाही.

"हुशार आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण अजून एक हवंय. हो आणि नाहीच्या शेजारी तिसरा चौकोन."

"कसला?"

"मशीन काहीही म्हणो, सिस्टरला वेगळं वाटतंय. तो दाबला की रंग माणसाने ठरवायचा."

हा चौकोन मात्र एका झटक्यात मंजूर झाला. उलट चार ठिकाणच्या नर्सेसनी लिहिलं की आम्ही याची वाटच बघत होतो.

एका मंगळवारी सकाळी नवी आवृत्ती आली. आमच्याकडे, त्या साठ-सत्तर दवाखान्यांत, आणि रचना तीच असल्यामुळे आणखी अनेक भाषांमध्येही. मदत करणाऱ्यांच्या यादीत कुणाकुणाची नावं घालू, असं मी सिस्टरांना विचारलं. त्यांनी बाईंचं सांगितलं, मावशींचं सांगितलं, काकांचं सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि काकूंचं घाला. तो तिसरा चौकोन त्यांचा आहे."

"आणि तुमचं?"

"घाला शेवटी कुठेतरी."

मी ते छापून काढलं. सुट्टीच्या दिवशी सिस्टर स्वतः इस्त्रीच्या दुकानात गेल्या, मी बरोबर होतो. काका आता अर्धा दिवसच काम करतात, उंच स्टुलावर बसून. जड कपडे काकू करतात. काकूंनी कागद हातात घेऊन आपलं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. चेहऱ्यावरून काही कळेना.

"मी काय केलं?" त्यांनी विचारलं.

"विचारलंत," सिस्टर म्हणाल्या.

काकूंनी कागद टेबलावर ठेवला आणि त्यावरून कोमट इस्त्री हलकेच फिरवली. प्रवासात त्याला दोन सुरकुत्या पडल्या होत्या. मग स्टूल पुढे ओढून त्या म्हणाल्या, "बसा. उभ्या कशाला राहिलात?"

सगळं आलबेल झालं असं नाही. रांग अजून दाराबाहेर जाते. काकांचं हृदय पूर्वीसारखं होणार नाही, आणि हे सिस्टर विसरत नाहीत. पण मध्यंतरी एका डोंगराळ भागातल्या छोट्या दवाखान्यातून, आम्हाला सर्वस्वी अनोळखी अशा नर्सचं पत्र आलं. "आमच्याकडे छातीत 'दाटलंय' म्हणतात. तुमच्या यादीत नाही. घालता का?" सिस्टरांनी ते पत्र मावशींना वाचून दाखवलं, मला दोनदा वाचून दाखवलं आणि लगेच उत्तर सांगितलं, "घालतो. आणखी असतील तर पाठवा. अहो, असतीलच!"

आता त्या दोघींनी मुलांच्या विभागाची वाक्यं हातात घेतली आहेत. चार वर्षांच्या मुलाला कुठे दुखतंय हे कसं विचारायचं, यावर गेल्या आठवड्यात बराच खल झाला. शेवटी बाईंनीच सुचवलं, "कुठे बाऊ झालाय?" हे काय आहे ते डॉक्टरबाईंना समजावून सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सकाळपासून तीन मसुदे लिहून खोडले आहेत. एकूण दोनशे चौदा वाक्यं आहेत. त्यांपैकी एकसष्ट झाली.